खांद्यावर शिवलेलं नाव

प्रस्तावना

कमांडो म्हटलं की आपल्याकडे काळा पोशाख डोळ्यांपुढे येतो. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे एनएसजीचे जवान सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले आणि तेव्हापासून ते चित्र मनात पक्कं बसलं. या पुस्तकात जे कमांडो भेटतात त्यांच्या अंगावर, छाप्याच्या रात्री तोंडाला फासलेली काजळी सोडली, तर काळं काहीच नाही. जाड्याभरड्या खाकी लोकरीचा बॅटलड्रेस, कमरेला सुती पट्टे, डोक्यावर विणलेली लोकरीची टोपी. दुरून पाहणाऱ्याला हे शिपाई ब्रिटिश पायदळातल्या इतर कुणाहूनही वेगळे वाटले नसते. वेगळेपण होतं ते खांद्यावरच्या बोटभर रुंद पट्टीत, बाहीवरच्या बिल्ल्यात आणि १९४२ च्या अखेरीपासून हिरव्या बेरे टोपीत. या तीन वस्तूंभोवती लेखकाने आपल्या युद्धकाळाच्या आठवणी गुंफल्या आहेत.

लेखक पाच नंबर कमांडोचे. मे १९४२ मध्ये मादागास्करच्या उत्तर टोकाला, दिएगो सुआरेझजवळ जी ब्रिटिश फौज उतरली तिच्यात ते होते. जानेवारी १९४४ मध्ये मुंबई बंदरात उतरून ते पुण्याजवळच्या केडगावला आले, तिथून आराकानच्या खाड्यांमध्ये गेले आणि युद्ध संपल्यावर हाँगकाँगला. एवढं पाहिलेला माणूस म्हातारपणी आठवणी सांगायला बसला की लढायांबद्दल बोलेल, अशी आपली अपेक्षा असते. यांनी लढाया थोडक्यात उरकल्या आहेत आणि पानंच्या पानं खर्ची घातली आहेत ती कापड, दोरा, बटणं आणि बिल्ल्यांवर. माझ्या मते या पुस्तकाचं मोल त्यातच आहे. लढाईचा वृत्तांत दप्तरात मिळतो. कुठली तुकडी किती वाजता किनाऱ्याला लागली हे शोधू म्हटलं तर सापडतं. पण खांद्यावरची पट्टी कुणी शिवली, कुठल्या रंगाच्या दोऱ्याने शिवली, ती कधी उसवावी लागली, हे दप्तरात नाही. कारण सुरुवातीच्या काळात ती पट्टी सरकारी नव्हतीच.

हे दल उभं राहिलं तेच मुळी घाईत. डंकर्कहून ब्रिटिश फौज माघारी आली आणि त्याच जून महिन्यात, १९४० साली, लेफ्टनंट कर्नल डडली क्लार्क यांनी समुद्रमार्गे छापे घालणाऱ्या छोट्या तुकड्यांची कल्पना मांडली. क्लार्क यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. ब्रिटिशांना जेरीस आणणाऱ्या बोअर शेतकऱ्यांच्या घोडेस्वार टोळ्यांचं नावच त्यांनी या तुकड्यांना दिलं. चर्चिलना कल्पना तत्काळ पटली. २४ जूनच्या रात्री फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहिला छापा पडलाही. तुकडीपाशी स्वतःची बंदूक धड नव्हती, तर स्वतःचा गणवेश कुठून येणार! निरनिराळ्या रेजिमेंटांमधून स्वयंसेवक आले, ते आपापल्या अंगावर जे होतं ते घालून. कुणाच्या डोक्यावर किल्टवाल्या पलटणींची गोंड्याची टोपी, कुणाची तिरकी फोरेज कॅप, प्रत्येकावर मूळ रेजिमेंटचा पितळी बिल्ला. एक नंबर कमांडोत म्हणे ७९ वेगवेगळे टोपीबिल्ले होते. मूळ रेजिमेंटशी नाळ तुटलेली नव्हती. शिपायाचं नाव तिच्याच पटावर राही.

या माणसांना बराकही नव्हती. रोज सहा शिलिंग आठ पेन्स भत्ता हातावर ठेवला जाई आणि ज्याने त्याने गावात कुणाच्या तरी घरी आपली राहण्याजेवणाची सोय पाहायची. अमुक वाजता अमुक ठिकाणी हजर राहा, एवढाच हुकूम. मधलं सगळं तुमचं तुम्ही. म्हणूनच सुरुवातीच्या बिल्ल्यांच्या इतिहासात लष्करी कोठारांपेक्षा घरमालकिणींच्या शिवणयंत्रांचा वाटा मोठा आहे. लेखकाची पहिली पट्टी अशाच एका बाईंनी शिवली. सर्जचं कापड जाड, मशीनची सुई मोडायची, म्हणून त्यांनी अंगुस्तान घालून हातानेच टाके घातले आणि कोपऱ्यांवर दुहेरी टाका दिला, हे लेखक ज्या बारकाईने सांगतात ते वाचताना त्या बाईंची जेवणाच्या टेबलावर वाकलेली मान दिसू लागते. त्यांचा मुलगा उत्तर आफ्रिकेत होता, एवढंच त्यांच्याबद्दल आपल्याला कळतं.

गणवेशाबाबत वरून हुकूम नसल्यामुळे प्रत्येक कमांडोने आपापली खूण शोधून काढली. एक नंबरने घेतला सालामँडर, म्हणजे आगीत राहूनही न जळणारा दंतकथेतला सरडा. दोन नंबरने टोपीसाठी चांदीच्या रंगाचा खंजीर घडवला. अकरा नंबर ही स्कॉटिश तुकडी. तिने गोंड्याच्या टोपीवर काळा तुरा खोचला आणि जून १९४१ मध्ये लिटानी नदीच्या मुखाशी ती त्याच तुऱ्यासह लढली. मध्यपूर्वेत उभ्या राहिलेल्या कमांडोंचा बिल्ला सर्वांत उग्र: मुठीला लोखंडी कडी असलेला सुरा, जसाच्या तसा पितळेत ओतलेला. खांद्यावरच्या पट्ट्यांचंही तेच. कुठे काळ्यावर पांढरी अक्षरं, कुठे नुसता आकडा. गडद निळ्यावर तांबड्या अक्षरांत क्रमांक आणि ‘कमांडो’ हा शब्द, हा नमुना पुढे सर्वत्र रूढ झाला. आज संग्राहक या पट्ट्यांवरून हमरीतुमरीवर येतात. अमुक नमुना अस्सल, तमुक नकली. लेखकाने एका ठिकाणी लिहिलं आहे, की त्यांच्याच तुकडीत, एकाच रांगेत उभ्या असलेल्या शिपायांच्या पट्ट्या तीन प्रकारच्या होत्या. ते वाक्य प्रत्येक संग्राहकाने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे येऊ. कमांडोत दाखल झालेल्याला धाक एकाच गोष्टीचा होता: आरटीयू, म्हणजे ‘आपल्या पलटणीत परत’. उशीर केला, पल्ला पार करताना मागे पडला, गावात दारू पिऊन गोंधळ घातला, की तोच हुकूम. आरडाओरडा नाही, कोठडी नाही. सामान बांधायचं, रेल्वेचा पास घ्यायचा आणि चालू लागायचं. टोपीवरचा मूळ रेजिमेंटचा बिल्ला तसाच राही, तो कुणी काढून घेऊ शकत नसे. उसवली जाई ती खांद्यावरची पट्टी. एका मित्राने न्हाव्याच्या वस्तऱ्याने आपल्या पट्टीचे टाके कापले तो प्रसंग लेखकाने दोन परिच्छेदांत सांगितला आहे. सर्जवर जिथं पट्टी होती तिथं कापडाचा रंग जरा गडद राहिला होता, आणि स्टेशनवर सगळ्यांची नजर तिथंच जात होती. शौर्यपदकांबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण पदकाहून मोठी किंमत एका कापडी पट्टीला कशी येते, हे त्या दोन परिच्छेदांनी मला दाखवलं. पदक एकदा मिळालं की मिळालं. ही पट्टी रोज नव्याने राखावी लागे. जी गोष्ट उद्या सकाळी अंगावरून जाऊ शकते तिचा टाका न् टाका लक्षात राहतो, आणि या पुस्तकातली सगळी स्मरणशक्ती तिथून आलेली आहे.

हिरव्या बेरेची कथाही याच अंगाने वाचायला हवी. एवढ्या भिन्न टोप्यांचा कारभार पाहून एक नंबर कमांडोत १९४२ साली विचार सुरू झाला, की सगळ्यांच्या डोक्यावर एकच काहीतरी असावं. बेरे सोयीची, ती खिशात मावते, चुरगळली तरी बिघडत नाही. रंग कुठला? सालामँडरच्या बिल्ल्यात तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग होते. त्यातला हिरवा निवडला. स्कॉटलंडमधल्या आयर्विन गावी गोंड्याच्या टोप्या करणाऱ्या एका कारखान्याने नमुना तयार केला, ब्रिगेडियर लेकॉक यांना तो आवडला, माउंटबॅटन यांनी तो पुढे रेटला आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये मंजुरी आली. मात्र बेरे एक झाली तरी बिल्ला एक झाला नाही. बहुतेक लष्करी कमांडो युद्ध संपेपर्यंत हिरव्या बेरेवर आपापल्या मूळ रेजिमेंटचाच बिल्ला लावत राहिले. आपण कुठून आलो आणि आता कुणाचे आहोत, हे दोन्ही एकाच टोपीवर. मला या दलाच्या वेशभूषेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मंजुरी आली त्याच वर्षी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, अखनाकॅरी इथं, कॅमेरॉन घराण्याच्या वाड्यात कमांडोंचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं होतं. पुढच्या भरतीला बेरे मिळाली ती तिथला अभ्यासक्रम पुरा केल्यावरच. स्पीन ब्रिज स्टेशनवर गाडीतून उतरायचं आणि सामानासकट सात मैल चालत वाडा गाठायचा, ही पहिली परीक्षा. वाड्याच्या वाटेवर खोट्या कबरी रचलेल्या. प्रत्येकीवर, हा शिपाई कुठली चूक केल्यामुळे मेला, याची पाटी. लॉख लॉखीच्या किनाऱ्यावर होडीतून उतरण्याचा सराव होई तेव्हा आजूबाजूला खऱ्या गोळ्या झाडल्या जात. कर्नल चार्ल्स व्हॉन यांच्या या केंद्रातून सुमारे २५,००० माणसं बाहेर पडली. लेखक त्याआधीच कमांडोत आलेले, त्यामुळे त्यांच्या पिढीला बेरे वाटपात मिळाली. अखनाकॅरीहून आलेली पोरं ती ज्या तऱ्हेने घालत, ती तऱ्हा आम्ही त्यांच्याकडून शिकलो, असं ते मोकळेपणाने सांगतात.

इथं वाचकाला एक गोष्ट सांगणं माझं काम आहे. मादागास्करच्या प्रकरणात लेखक म्हणतात, की किनाऱ्यावर उतरताना त्यांच्या डोक्यावर हिरवी बेरे होती. ते शक्य नाही. ती मोहीम मे १९४२ ची, बेरे त्यानंतर पाच महिन्यांनी आली. प्रकाशकांनी विचारलं, वाक्य काढू का? मी नको म्हटलं. वयाच्या उत्तरार्धात मागे वळून पाहणाऱ्या माणसाच्या मनात ती बेरे इतकी खोल गेली आहे, की तिच्याविना उघड्या डोक्याने तो स्वतःला पाहूच शकत नाही. तारखांसाठी दप्तर पाहावं. वस्तू अंगावर कशी बसायची, कुठे टोचायची, भिजल्यावर तिला कसला वास यायचा, यासाठी म्हाताऱ्या सैनिकाचं ऐकावं. या दोन साक्षी एकमेकींच्या जागी वापरल्या की घोटाळा होतो.

बाहीवरचा बिल्ला होता कंबाइन्ड ऑपरेशन्सचा: नांगर, टॉमी गन आणि पंख पसरलेला गरुड, गडद निळ्यावर तांबड्यात. नौदल, भूदल, हवाई दल तिन्ही एकत्र. हा बिल्ला आधी विणलेला येई. पुढे काटकसर सुरू झाली तेव्हा सुती कापडावर छापलेला येऊ लागला आणि धुण्याधुण्याला फिका पडू लागला. पितळ वाचवण्यासाठी टोपीचे बिल्लेही प्लास्टिकचे आले. लेखकाने प्लास्टिकचा बिल्ला एकदाही लावला नाही. आपला जुना पितळी ते राखेने घासत राहिले, इतका की त्यावरची अक्षरं गुळगुळीत झाली.

अंगावरच्या बाकी सरंजामाबद्दल फार लिहीत नाही, पुस्तकात ते भरपूर आहे. टॉगल रोपचं वर्णन मात्र चुकवू नका. पुरुषभर लांबीचा दोर, एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला लाकडी खुंटी. प्रत्येकाकडे एक. एकाची खुंटी दुसऱ्याच्या फासात अडकवत गेलं की कडा चढायला दोर तयार, आणि बरेच दोर एकत्र आले तर ओढ्यावर पूल. एकट्याकडच्या दोराचा उपयोग जवळजवळ शून्य. शांघायच्या पोलीस दलात मुरलेल्या फेअरबेर्न आणि साइक्स या दोघांनी आखलेला, विल्किन्सन स्वोर्डने १९४१ पासून बनवलेला दुधारी खंजीर पुढे या दलाची खूणच बनला. त्याच्या म्यानाला कडेने चामड्याच्या छोट्या पट्ट्या असत, म्हणजे म्यान पाटलोणीवर हवं तिथं शिवता येई. इथंही सुईदोरा आहेच. आणि ती लोकरीची टोपी! मूळची ती टोपी नव्हेच. विणलेली लांब नळी, गळ्याभोवती गुंडाळायची. आत दुमडून कड उलटवली की टोपी. ऑगस्ट १९४२ मध्ये दिएपच्या छाप्यात लॉर्ड लोव्हॅट यांचा चार नंबर कमांडो हीच घालून गेला होता. स्पीन ब्रिजजवळच्या स्मारकावर स्कॉट सदरलंड यांनी घडवलेले तीन ब्राँझचे शिपाई उभे आहेत, तेही याच टोपीत. जे तिथं जातात ते हिरवी बेरे शोधतात.

खुणा नेहमी अभिमानासाठीच नसत. २८ मार्च १९४२ च्या पहाटे सेंट नाझेरच्या गोदीवर जो छापा पडला त्यात अंधारात आपला कोण आणि परका कोण हे ओळखायचं कसं, हा प्रश्न होता. म्हणून कमांडोंनी कमरेचे पट्टे घासून पांढरेशुभ्र केले. सुरुंग लावणाऱ्या तुकड्यांकडे निळ्या उजेडाच्या बारीक बॅटऱ्या होत्या. त्या तुकड्यांत पाच नंबर कमांडोची माणसंही गेली होती, लेखकाच्या खोलीत राहणारा एक त्यांच्यात. ६०० हून थोडे अधिक लोक त्या मोहिमेवर गेले, १६९ मेले, २०० हून अधिक कैद झाले. ‘कॅम्पबेलटाउन’ ही स्फोटकांनी भरलेली विनाशिका गोदीच्या दरवाजात रुतली आणि दुपारपर्यंत फुटली. ती गोदी जर्मनांना युद्धभर वापरता आली नाही. लेखकाच्या प्रकरणात मात्र छाप्याआधीचे दिवस आहेत: पट्टे घासून घासून पांढरे करणारी पोरं, आणि शिपायाला नेहमी उलट शिकवलं जातं, की चमकू नको, हे आठवून एकाने विचारलेला प्रश्न. उत्तर कुणी दिलं नाही.

गणवेश घातलेल्या सैनिकाला पकडलं तर तो युद्धकैदी, त्याला मारायचं नाही, हा युद्धाचा जुना नियम. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने गुप्त हुकूम काढला, की कमांडो सापडले तर ते गणवेशात असोत वा नसोत, शरण आलेले असोत वा नसोत, त्यांना जिवंत ठेवायचं नाही. हिरव्या बेरेला मंजुरी मिळाली तोच हा महिना! त्याच वर्षी डिसेंबरात रॉयल मरीनचे दहा जण घडीच्या छोट्या होड्यांतून बोर्दो बंदरातल्या जहाजांना सुरुंग लावायला निघाले. त्यांच्या अंगरख्यांवर दलाचं नाव आणि कंबाइन्ड ऑपरेशन्सचा बिल्ला मुद्दाम शिवलेले होते, पकडलो गेलो तर सैनिक म्हणून वागवलं जावं म्हणून. दोघे थंडगार पाण्यात गेले, सहा जणांना जर्मनांनी पकडून गोळ्या घातल्या, मेजर हॅसलर आणि त्यांचा एक साथीदार एवढेच परत आले. ज्या बिल्ल्याने जीव वाचायचा त्याचा काहीही उपयोग झाला नाही. युद्धानंतर या हुकुमाची झाडाझडती न्यूरेंबर्गला झाली. इटलीत गणवेशातल्या १५ अमेरिकन सैनिकांना ठार करायला लावणाऱ्या जनरल डोस्टलरचा ‘वरचा हुकूम होता’ हा बचाव फेटाळला गेला आणि १ डिसेंबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. लेखकाने या हुकुमाबद्दल फक्त अर्धं पान लिहिलं आहे. तो कळल्यावर तुकडीत कुणीही पट्टी काढली नाही, एवढंच ते सांगतात, आणि तेवढं पुरेसं आहे.

दहा नंबर कमांडोबद्दलचं प्रकरण ऐकीव माहितीवरचं आहे, तरी माझ्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं. या कमांडोत फ्रेंच, बेल्जियन, डच, नॉर्वेजियन, पोलिश तुकड्या होत्या. आणखी एक तुकडी अशी होती, की तिच्या देशाचं नाव कुठेच लिहिलेलं नसे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून परागंदा झालेले, बहुतेक ज्यू असलेले तरुण तिच्यात होते. वेल्समधल्या अबरडोव्ही गावी त्यांचं प्रशिक्षण झालं. त्यांनी इंग्रजी नावं घेतली, जुनी पत्रं जाळली आणि कधीच पाहिली नव्हती अशा इंग्रज रेजिमेंटांचे बिल्ले टोपीवर लावले. पकडले गेले तर घरच्यांचा माग लागू नये आणि देशद्रोही म्हणून हाल होऊ नयेत, म्हणून. इतरांसाठी मूळ रेजिमेंटचा बिल्ला म्हणजे आपलं गाव, आपला जिल्हा, आपले बापजादे. या पोरांसाठी तोच बिल्ला म्हणजे पाठ करायची एक गोष्ट. त्यांच्यातले जे पडले त्यांतल्या कित्येकांवर त्या खोट्या नावांनिशी क्रूस उभे राहिले. काहींच्या कबरींवर पुष्कळ वर्षांनी दाविदाचा तारा आला.

नावांबद्दल आणखी एक. कमांडो ब्रिगेडना आधी ‘स्पेशल सर्व्हिस’ म्हणत आणि त्याची आद्याक्षरं ‘एसएस’. हिटलरच्या एसएसशी होणारी ही सरमिसळ शिपायांना सहन होत नसे. डिसेंबर १९४४ मध्ये नाव बदलून ‘कमांडो ब्रिगेड’ झालं.

आणि आता केडगाव. दौंडच्या अलीकडचं हे स्टेशन मराठी माणसाला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे माहीत आहे. १९४४ च्या सुरुवातीला तिथल्या माळावर पाच नंबर कमांडो आणि रॉयल मरीनचा चव्वेचाळीस नंबर कमांडो तंबू ठोकून होते, ही गोष्ट मात्र आपल्या स्थानिक इतिहासांत फारशी कुठे नोंदलेली नाही. लोकरीचे कपडे पेटीत गेले, सुती कपडे आले आणि त्यामागोमाग आराकानसाठी जंगली हिरव्या रंगाचे. प्रत्येक नव्या सदऱ्यावर पट्टी आणि बिल्ला पुन्हा लावायचा होता. इंग्लंडहून आणलेल्या पट्ट्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा पुण्याच्या कॅम्पातला एक शिंपी मशीन घेऊन छावणीत येऊन बसू लागला. त्याने नमुना मागून घेतला, उन्हात धरून पाहिला, उलट बाजू पाहिली आणि “उद्या न्या, साहेब” म्हणाला. दुसऱ्या दिवशीच्या पट्ट्या सुती कापडावर साखळी टाक्याने भरलेल्या होत्या. तांबडा जरा जास्त तांबडा. ‘एम’ हे अक्षर जोडीने येतं, त्यातला दुसरा एम दर वेळी पहिल्याहून किंचित रुंद. लेखक म्हणतात, त्या रुंद एमवरून त्यांना आजही आपल्या तुकडीची पट्टी ओळखता येईल. शिंप्याचं नाव ते देत नाहीत, त्यांना ते कुणी सांगितलंच नसणार. हा कारागीर कुठल्या पेठेतला, त्याने आणखी कुणासाठी काय शिवलं, याचा माग कुणी पुण्यातल्या अभ्यासकाने काढला तर फार मोठं काम होईल. आपल्या गावातल्या हाताने घातलेले टाके आराकानच्या चिखलात गेले आहेत.

आराकानचा शेवटचा मोठा झगडा कांगॉचा. जपान्यांची माघारीची वाट तिथून जात होती. जानेवारी १९४५ च्या अखेरीस १७० नंबरच्या टेकडीवर तीन नंबर कमांडो ब्रिगेडने तळ दिला आणि जपान्यांनी ती घेण्यासाठी निकराचे हल्ले चढवले. ३१ जानेवारीला एक नंबर कमांडोचे लेफ्टनंट जॉर्ज नोलंड यांनी आपली चिमूटभर माणसं घेऊन मोर्चाचं टोक धरून ठेवलं, दोन इंची मोर्टार कमरेशी धरून डागली आणि तिथंच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लेखकाच्या कथनात ज्याचा उल्लेख येत नाही ते मी इथं नोंदवतो. त्याच रणक्षेत्रात ५१ वी हिंदी पायदळ ब्रिगेड लढत होती. तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी अधिकारी होते: थिमय्या, सेन आणि आपल्या कोल्हापूरचे शंकरराव थोरात. थोरातांच्या पंजाब पलटणीने ‘मेलरोझ’ ही टेकडी संगिनी लावून घेतली. तिघांनाही डीएसओ मिळाला. एका टेकडीवर हिरव्या बेरे, समोरच्या टेकडीवर पंजाबी जवान आणि त्यांचा मराठी कर्नल. इंग्रजीतल्या कमांडो-इतिहासांत दुसरी टेकडी धूसर होते, तर आपल्याकडच्या लेखनात पहिली. दोन्ही एकत्र ठेवून कांगॉ वाचायला हवं.

युद्ध संपलं आणि १९४६ पर्यंत लष्करी कमांडो मोडीत निघाले. बेरे, खंजीर आणि परंपरा रॉयल मरीनकडे गेली. लष्करातले जे होते ते आपापल्या रेजिमेंटांत परतले. आरटीयूच म्हणायचं, फक्त यावेळी कुणाचाही दोष नव्हता. लेखकाने पट्टी स्वतःच उसवली. हे प्रकरण पुस्तकात सर्वांत लहान आहे आणि त्यात एकही विशेषण नाही. खंजिराचं चिन्ह मात्र देशोदेशी फिरलं. आपल्या पॅरा स्पेशल फोर्सेसच्या छातीवर जो ‘बलिदान’ बिल्ला असतो त्यातला पंखांमधला खाली रोखलेला खंजीर याच घराण्यातला आहे. त्यावरचा शब्द देवनागरीत आहे, आणि तोही प्रशिक्षणाच्या भट्टीतून गेल्याशिवाय लावता येत नाही.

मराठी करताना लष्करी संज्ञांना ओढूनताणून प्रतिशब्द दिलेले नाहीत. बेरे, बॅटलड्रेस, टॉगल रोप हे तसेच ठेवले आहेत. पट्टी, बिल्ला, तुरा, टाका हे शब्द आपल्याकडे मुबलक आहेत, ते वापरले आहेत. चित्रांमधल्या पट्ट्यांचा रंग छपाईत थोडा इकडेतिकडे होतो, तेव्हा रंगाबाबत मजकुरावर विश्वास ठेवावा. प्रकरणं कालक्रमाने लावलेली असली तरी तशीच वाचली पाहिजेत असं नाही. ज्यांना लढायांमध्ये फारसा रस नाही त्यांनी घरमालकिणीपासून सुरुवात करावी, आणि पुणे जिल्ह्यातल्या वाचकांनी सरळ केडगाव उघडावं.